वर्ग आणि प्रयोगशाळा: सीमेवरच्या औषधशिक्षणाचा इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी राजधानी नागपूरच होती. सौंसरहून सत्तर किलोमीटरच्या आत, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. बाजार, सोयरीक, दवाखाना आणि कॉलेज या चारही गोष्टींसाठी माणसे दक्षिणेकडे जात. सीमा आखली गेल्यावर बाजार आणि सोयरीक जिथल्या तिथे राहिली, जड आजाराचा रोगीही नागपूरलाच जात राहिला. शिक्षणाची वाट मात्र बदलली. विद्यापीठ बदलले, शाळेची भाषा बदलली, प्रवेशाचे दरवाजे बदलले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी रोगी एका राज्यात आणि पदवी दुसऱ्या राज्यात ही फारकत कायम आहे. औषधशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींच्या बाबतीत ती जास्त बोचते, कारण औषधाचे शिक्षण रोग्यापासून तुटले की त्यात पाठांतराखेरीज फारसे काही उरत नाही. कर्करोगाच्या औषधांत हे सर्वात ठळक दिसते. तरीही कर्करोगावरचे संशोधन आणि विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवून शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, एकासाठी वेळ दिला की दुसऱ्याचा कमी होतो, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत नाही. कर्करोगाची कितीतरी महत्त्वाची औषधे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच टेबलाशी बसत होते तिथून आली. त्या दोघांना वेगळे केले ते कायद्याने, परीक्षांनी आणि सवयीने.

ही फारकत समजून घ्यायची तर औषध देण्याच्या धंद्याच्या भूतकाळात जावे लागते. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताच्या तालुक्यांत औषध देणारा माणूस म्हणजे सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. डॉक्टरने लिहून दिलेले मिश्रण तो बाटलीत भरायचा, बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा, पूड खलून पुड्या बांधायचा. त्याचे शिक्षण हाताखाली राहून झालेले असे. नागपुरात १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते, पण ते डॉक्टर घडवण्यासाठी. औषध तयार करणाऱ्याला शास्त्र शिकवावे असे कुणाला फारसे वाटत नव्हते. बाजारात मात्र भेसळीची आणि कमअस्सल औषधे इतकी वाढली, की सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने औषधांवर नियंत्रणाबरोबरच औषध हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाचाही आग्रह धरला. पुढच्याच वर्षी महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषध कायदा आला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा. या दुसऱ्या कायद्याने औषधविक्रेत्यांची नोंदवही सुरू केली, आणि पाच वर्षे दवाखान्यात औषधे बनवलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदणीत जागा दिली. ते न्याय्य होते, कारण ती माणसे नसती तर तालुक्याचे दवाखाने एका दिवसात बंद पडले असते. पण त्याच कायद्याने शिक्षणाचे उद्दिष्टही ठरवून टाकले. नोंदणीला पात्र माणूस तयार करणे एवढेच ते होते. नोंदणीनंतर त्याला कोणते प्रश्न पडावेत याचा विचार त्यात नव्हता.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्याच्या उपयोजित विज्ञानाची कहाणी सौंसरच्या मातीशी फार जवळून बांधलेली आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा ते बालाघाटपर्यंत मॅंगनीजचा पट्टा पसरला आहे, आणि ज्या प्राचीन खडकांत हे खनिज सापडते त्यांना भूशास्त्रात सौंसर समूह असेच नाव आहे. या पट्ट्यात मॅंगनीजच्या धंद्यावर मोठ्या झालेल्या माणसांपैकी एक कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. त्यांनी आपली संपत्ती मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाच्या हवाली केली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. स्वातंत्र्याच्या आसपास नागपुरात औषधशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षणही सुरू झाले. दुसरीकडे सर हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईतून सागर विद्यापीठ उभारले. हेच गौर त्याआधी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे १९५६ नंतर सौंसर-पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्याला ज्या विद्यापीठाकडे जावे लागले, त्याच्या मुळाशीही नागपूरचाच अनुभव होता. खाणीतून आलेला पैसा आणि वकिलीतून आलेला पैसा, दोन्ही ज्ञानासाठी दिले गेले, आणि देणाऱ्यांना केवळ परवानाधारक तयार करायचे नव्हते. या मुलखाला औषधशास्त्राची परंपरा नाही असे म्हणणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

तरीही पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत औषधशिक्षण दोन टोकांना खेचले गेले. एका टोकाला दुकान, दुसऱ्या टोकाला कारखाना. पदविका घेतलेला विद्यार्थी मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे गेला, पदवी घेतलेला औषध कंपनीत गोळ्या बनवण्याच्या, तपासण्याच्या किंवा विकण्याच्या कामाला लागला. १९५३ मध्ये शिक्षणाचे पहिले अखिल भारतीय नियम आले, नंतर ते वेळोवेळी बदलले, पण चौकट तीच राहिली: ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली प्रात्यक्षिके, ठरलेली उत्तरे. प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्ष आधीच माहीत असतो. विद्यार्थी तो गाठतो. देशाला गोळ्या, इंजेक्शने आणि सलाईन हवे होते, शिस्तीने काम करणारी माणसे हवी होती, आणि या शिक्षणाने ती दिली. भारत स्वस्त औषधांचा देश झाला त्यात या पदवीधरांचा वाटा मोठा आहे, आणि तो नाकारून काही सिद्ध होणार नाही. पण या यशाबरोबर एक धारणा पक्की झाली, की संशोधन पुढचे लोक करतील, आधी विद्यार्थ्याने शिकून घ्यावे. कर्करोगाच्या बाबतीत ही धारणा सर्वात महाग पडली, कारण या रोगाच्या औषधांचा जन्मच वेगळ्या रीतीने झाला होता.

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे. लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे तिथले तरुण औषधशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना शिकवत होते. औषध शरीरात काय करते आणि ते रोग्याला का द्यायचे, हे दोन्ही एकत्र सांगणारे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी हवे म्हणून त्यांनी स्वतःच ते लिहिले. १९४१ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या फार्मसीच्या ग्रंथालयांत असतात. पुढच्याच वर्षी, युद्धाच्या काळात, विषारी वायूच्या कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास त्यांच्याकडे आला. हे रसायन लसिका ग्रंथींच्या पेशी नष्ट करते हे पाहून त्यांनी ते सहकारी डॉक्टरांबरोबर एका रोग्याला दिले. गाठी विरघळल्या, मग परत आल्या. पण रसायनाने कर्करोग मागे हटवता येतो हे जगाला प्रथम कळले. पाठ्यपुस्तक आणि पहिले रासायनिक उपचार एकाच जोडीच्या हातून, एका वर्षाच्या अंतराने आले, हा योगायोग मानायला मी तयार नाही. विद्यार्थ्याला 'का' समजावून सांगण्यासाठी ज्यांनी आपले सगळे ज्ञान पुन्हा तपासले, त्यांनाच नव्या रसायनाच्या वागण्याचा अर्थ लागला. दुसरे उदाहरण आपल्या अंगणातल्या सदाफुलीचे. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर मधुमेहासाठी या झाडाची पाने तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून प्रयोग फेकून न देता त्यांनी प्रश्नच बदलला, आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले. वहीत आधीच निष्कर्ष लिहून ठेवणाऱ्या शिक्षणात या पांढऱ्या पेशी 'चुकीचे निरीक्षण' म्हणून खोडल्या गेल्या असत्या.

तिसरे उदाहरण मराठी मुलखातून निघालेले. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन वनस्पतींतून कर्करोगविरोधी द्रव्ये वेगळी काढली. चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये आणि पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतले टॅक्सॉल, ज्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. गोष्ट इथे संपत नाही. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या गोरेगावातल्या सिबा संशोधन केंद्रातून दाखवून दिले, की तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. त्या माहितीचा उपयोग पुढे दोन तऱ्हांनी झाला. संशोधकांना स्रोत मिळाला, आणि तस्करांनी नरक्याची जंगले तोडली. झाडाचे नाव आणि द्रव्याचे नाव पाठ असणे एक. ते द्रव्य किती टक्के असते, झाड न मारता ते कसे मिळेल, त्याचा औषधापर्यंतचा प्रवास काय, हे विचारता येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे शिक्षण गावागावांत असते तर या झाडाचे राखणदार त्याच्या आसपासच तयार झाले असते.

आता एका औषधाचा माग शेवटपर्यंत काढू, कारण तो सरळ पांढुर्ण्याच्या मेडिकल स्टोअरपर्यंत येतो. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा पंडुरोग तिला समजून घ्यायचा होता. हाफकिन संस्थेत काम करून तिने १९३१ मध्ये दाखवले, की यीस्टपासून केलेल्या मार्माइटमधल्या कशाने तरी हा पंडुरोग बरा होतो. ते 'काहीतरी' म्हणजे फोलिक आम्ल. आंध्रात भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत फोलिक आम्ल बनले, आणि त्याच्या विरोधी रसायनेही. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी त्यातले अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. १९४८ मध्ये काही मुलांचा रोग तात्पुरता मागे हटल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट. २०२० मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तोंड-घशाचा कर्करोग पुढे गेलेल्या, बरा न होणाऱ्या रोग्यांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या आणि रोज सेलेकॉक्सिबच्या गोळ्या दिल्या, तर नेहमीच्या सिस्प्लॅटिन इंजेक्शनापेक्षा त्यांचे आयुष्य थोडे वाढते. मध्यक ७.५ महिने, सिस्प्लॅटिनच्या रोग्यांत ६.१. त्रासही कमी. वाढ थोडी आहे, पण रोगी घरी राहू शकतो, भरती व्हावे लागत नाही, खर्च कमी येतो. मुंबईच्या गिरणी कामगार बाईच्या पंडुरोगातून निघालेला धागा नव्वद वर्षांनी मुंबईतच तोंडाच्या कर्करोगाच्या गरीब रोग्यापर्यंत पोहोचला.

आणि इथेच औषध देणाऱ्याच्या शिक्षणाचा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा बसते, तोंड सोलवटते, माणूस दगावू शकतो. जगभर अशा चुका नोंदल्या गेल्या आहेत. नागपूरला तपासून गावी परतलेला रोगी चिठ्ठी घेऊन जवळच्या दुकानात जातो. काउंटरमागच्या माणसाने 'कुठल्या वारी घेता?' एवढे विचारले तर जीव वाचतो. हा प्रश्न त्याला कधी सुचेल? मेथोट्रेक्सेट हे फोलिक आम्लाचे विरोधी आहे आणि वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला ते मारते, हे त्याने स्वतः शोधून, समजून घेतले असेल तेव्हा. यादीत 'कर्करोगविरोधी औषधे' या शीर्षकाखाली सातवे नाव म्हणून पाठ केले असेल तर सुचणार नाही. म्हणून मी म्हणतो, की कर्करोगाचे संशोधन हा फार्मसीच्या शाळेला लावलेला मानाचा तुरा नाही. तो काउंटरवरच्या सुरक्षिततेचा पाया आहे.

संशोधन आणि शिकवणे आपल्याकडे कधी एकत्र आलेच नाही असेही नाही. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे शिक्षक. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवल्यानंतर ते १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे लागोपाठ आलेले एक हजार रोगी नोंदवून १९४४ मध्ये त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू, पान, विडी आणि रोगाची जागा यांचा संबंध पाहिला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. पुण्याला १९१७ मध्ये जन्म, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक, स्वतःचे पदव्युत्तर काम सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. वनस्पतीकडून त्या कर्करोगाकडे वळल्या त्या खानोलकरांकडे १९४९ मध्ये पीएच.डी. करताना; मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकून परतल्या आणि मुंबईच्या केंद्रात भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या प्रश्नात भागीदार केले, आणि विद्यार्थ्याने पुढे स्वतःचा प्रश्न उभा केला. संशोधन आणि अध्यापन यांतली भिंत या परंपरेत दिसत नाही.

औषधशास्त्राच्या शाळेत हे घडल्याचे उदाहरण आपल्या मुलखाच्या राज्यातच आहे. सागर विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागात एन. के. जैन आणि एस. पी. व्यास यांच्या प्रयोगशाळांनी औषध नेमके हव्या त्या जागी पोहोचवण्याच्या पद्धतींवर वर्षानुवर्षे काम केले. लिपोसोम म्हणजे चरबीचे सूक्ष्म गोळे, डेंड्रिमर म्हणजे झाडासारखे फांद्या फुटलेले रेणू. यांत कर्करोगाचे औषध भरून ते निरोगी पेशींना कमी त्रास देईल का, हा त्यांचा प्रश्न. फ्लुओरोयुरॅसिल हे जुने औषध अशा डेंड्रिमरमध्ये घालण्याचे काम सागरातून २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा उल्लेख पुढे जगभर होत राहिला. आणि याच विभागातून औषधवाहक पद्धतींवरची पाठ्यपुस्तके आली. देशभरच्या फार्मसी कॉलेजांत ती वाचली जातात. येलमध्ये जे १९४१-४२ मध्ये झाले, तेच वेगळ्या प्रमाणात सागरमध्ये झाले: प्रयोगशाळेने पुस्तक दिले, पुस्तकाने पुढचे विद्यार्थी दिले. उणीव एकच. हे नाते पीएच.डी.च्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत राहिले; संलग्न कॉलेजातल्या पदवीच्या मुलापर्यंत पुस्तक पोहोचले, प्रश्न पोहोचला नाही.

प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती द्यावा ही कल्पना परकी आहे, असा आक्षेप घेतला जातो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये समस्येवरून शिकवण्याची वैद्यकीय पद्धत सुरू केली आणि आपण तिची नक्कल करतो, असे म्हणतात. पण त्याआधी तीन दशके, १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम मांडली गेली: हाताच्या उत्पादक कामातून, भोवतालच्या प्रश्नातून मूल शिकेल. वर्धा तेव्हा सौंसरच्याच प्रांतात होते. वर्ध्याजवळच्याच सेवाग्रामात १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथे वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी गावात राहायला जाते, विद्यार्थ्यांना कुटुंबे वाटून दिली जातात. डॉक्टरकीचे विद्यार्थी हे करू शकतात, तर औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी का करू नये? ही पद्धत सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या सौंसर-पांढुर्ण्यापासून फार दूरची नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कर्करोगाचे संशोधन म्हणजे पेशीसंवर्धनाची खोली, प्राणिगृह, महागडी यंत्रे. तालुक्याच्या ठिकाणचे कॉलेज हे कुठून आणणार? नवे रेणू शोधण्याचे काम सगळ्यांनी करावे असे मी म्हणत नाही. पण खानोलकरांच्या १९४४ च्या कामाला रेणू लागला नव्हता. लागली ती नीट ठेवलेली नोंद. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा माणसे गावोगाव जाऊन माहिती घेत होती. त्या नोंदणीने खेड्यातल्या कर्करोगाचे चित्र देशापुढे ठेवले. सौंसर-पांढुर्ण्यातल्या विद्यार्थ्यांनी औषधांच्या वापराची नोंद ठेवली, घरी नेलेल्या गोळ्या कशा साठवल्या जातात हे पाहिले, मेथोट्रेक्सेटचे वेळापत्रक कितींना समजले हे विचारले, तर ते कर्करोगाचेच संशोधन आहे, आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला ते करता येत नाही. नागपूरला उपचार घेऊन मध्य प्रदेशात परतणाऱ्या रोग्याचा पुढचा माग ठेवणे तर जवळजवळ इथल्याच विद्यार्थ्याचे काम आहे. त्याची पद्धत, संमतीचे नियम, गोपनीयता, आकडेवारी हे सारे शिकवावे लागेल. ते शिकवणे हेच खरे अध्यापन.

तिसरा आक्षेप घेणारे धोक्याकडे बोट दाखवतात, आणि तो धोका खरा आहे. फार्मसीच्या विद्यार्थ्याने एखाद्या पाल्याचा अर्क काढला, काचेच्या थाळीत कर्करोगाच्या पेशी मेल्या, आणि 'अमुक वनस्पतीने कर्करोग बरा होतो' अशी बातमी झाली, तर नुकसान रोग्याचे. थाळीत पेशी साध्या मिठाच्या दाट पाण्यानेही मरतात. सदाफुलीची पाने चघळून कुणाचा कर्करोग बरा होत नाही. त्यातली द्रव्ये अतिशय थोडी आणि विषारी, ती शुद्ध करून मोजून द्यावी लागतात. रोगी अशा बातमीवर विसंबून शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आणि बरा होऊ शकणारा रोग हाताबाहेर जातो. पण हा धोका संशोधन जास्त झाल्याने येतो की अर्धवट शिकवल्याने? ज्याने स्वतः तुलनेचा गट ठेवला, मात्रा बदलून पाहिली, निरोगी पेशीही तपासल्या, त्याला थाळी आणि माणूस यांतले अंतर कळते. गावात जडीबुटीवाल्याचा दावा आला की त्याला उत्तर देणारा पहिला माणूस तोच असायला हवा. संशोधनाची शिस्त न शिकलेला पदवीधर अशा वेळी एक तर गप्प बसतो किंवा स्वतःच भुलतो.

चौथा आक्षेप वेळेचा आणि नोकरीचा. अभ्यासक्रम दिल्लीहून ठरतो, परीक्षा डोक्यावर असते, पालकांना पगार हवा असतो. हे सारे खरे. पण भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१४ च्या पदवी नियमांनीच सातव्या सत्रात प्रत्यक्ष कामाचे शिक्षण आणि आठव्या सत्रात प्रकल्प ठेवला आहे. जागा आहे, ती कशाने भरायची हा शिक्षकाचा निर्णय. तो प्रकल्प जुन्या प्रबंधातून उतरवून काढला जाऊ शकतो, किंवा गावातल्या खऱ्या प्रश्नावर होऊ शकतो. दोन्हीला गुण सारखेच मिळतील, म्हणून सोपी वाट धरली जाते. इथे दोष विद्यार्थ्याचा नाही. नोकरीचे म्हणाल तर औषधांच्या चाचण्या, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, रुग्णालयातले औषधशास्त्र ही वाढती क्षेत्रे आहेत, आणि तिथे निरीक्षण करून लिहिता येणारा माणूस लागतो.

आता या मुलखाचा स्वतःचा प्रश्न. विदर्भात आणि त्याच्या काठावर खर्रा खाल्ला जातो: तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. पण पुडीतल्या गुटख्यावर लक्ष ठेवले तरी टपरीवर तिथल्या तिथे घोटून दिलेला खर्रा कायद्याच्या हातातून सहज निसटतो. सुपारीने तोंड उघडेनासे होते, गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, आणि त्या वेळी माणूस डॉक्टरकडे न जाता मेडिकलमध्ये जाऊन 'तोंड आल्याची' गोळी किंवा जेल मागतो. कर्करोग सर्वात लवकर ओळखता येईल अशी ही जागा आहे, आणि तिथे उभा असतो औषधशास्त्र शिकलेला माणूस. तीन आठवड्यांत भरत नसलेला व्रण, कमी होत चाललेले तोंडाचे उघडणे, हे ओळखून रोग्याला तपासणीला पाठवणे त्याला शिकवले पाहिजे. आणि ते त्याला रोग्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. इथला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो, पुस्तक इंग्रजीत वाचतो. तिन्ही भाषांत औषधाची सूचना लिहून, रोग्यांना वाचायला देऊन, त्यांना काय कळले ते तपासणे हाही एक प्रकल्प आहे, आणि तो करायला सीमेवरच्या या मुलांपेक्षा योग्य कुणी नाही.

इतिहासातून मी काढतो तो निष्कर्ष असा. औषधशिक्षणाची सुरुवात बाजारातल्या खोट्या औषधांपासून लोकांना वाचवण्यासाठी झाली. पुढे ते कारखान्याच्या गरजेपुरते आणि परीक्षेपुरते आकसले. कर्करोगाने त्याला पुन्हा मूळ कामाकडे बोलावले आहे, कारण या रोगाच्या औषधांत समजुतीविना दिलेली प्रत्येक गोळी धोक्याची असते. येल, मुंबई, सागर या तिन्ही ठिकाणी शिकवणारे आणि शोधणारे एकच होते, म्हणून काम पुढे गेले. नव्या पांढुर्णा जिल्ह्याने आपल्या मुलांसाठी कुठले औषधशिक्षण हवे हे ठरवताना इमारती आणि जागा मोजण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक पदवीच्या विद्यार्थ्याला गावातला एक खरा प्रश्न, त्या प्रश्नावर त्याच्याबरोबर काम करणारा शिक्षक, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयांशी राज्याची सीमा ओलांडून केलेला लेखी करार, ज्यामुळे रोग्याच्या उपचाराची माहिती त्याच्या गावच्या औषध देणाऱ्यापर्यंत पोहोचेल. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. १९५६ च्या रेषेने शिक्षण आणि रोगी यांच्यात जे अंतर पाडले, ते बुजवण्याचे काम या विद्यार्थ्यांकडे सोपवता येते, आणि ते करता करताच ते औषधशास्त्र शिकतील.